मिलानचा खांब आणि आमच्या सोसायटीतल्या पाटल्या

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या विंगमधल्या एका काकूंच्या सोन्याच्या पाटल्या गेल्या. कपाट फोडलेलं नाही, कुलूप तोडलेलं नाही. म्हणजे घरातलं कुणीतरी, नाहीतर घरात येणारं कुणीतरी. 'घरात येणारं' म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच व्यक्ती आली. पोळ्या करायला येणाऱ्या मावशी. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये नेहमीची मंडळी जमली आणि पाच मिनिटांत ठराव पास झाल्यासारखंच झालं. "चौकीत नेऊ दे. दोन ठेवून दिल्या की पोपटासारखी बोलेल."

मी मध्ये तोंड घातलं. (इंजिनिअर माणसाला ही खोड असतेच.) आधी म्हटलं, असं मारणं बेकायदा आहे. कुणी लक्षच दिलं नाही. मग म्हटलं, माणुसकीला धरून नाही. त्यावर, "ज्याचं जातं त्याला विचार" असं उत्तर आलं. शेवटी म्हटलं, मार पडायला लागला की माणूस न केलेलंही कबूल करतो. इथे मात्र दोघंतिघं थबकले. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात सेक्रेटरी काका शांतपणे म्हणाले, "नुसत्या कबुलीला कोण विचारतंय? पाटल्या कुठे ठेवल्यात ते सांगेल ना! तिथे मिळाल्या तर खरं, नाही मिळाल्या तर खोटं. सोपं आहे."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी अक्षरशः टेस्ट केस लिहून दिली होती.

तेव्हापासून बरेच वीकेंड या विषयावर वाचण्यात गेले. छळ करून सत्य काढण्याविरुद्ध माणसांनी आजवर काय काय युक्तिवाद केले, त्यातला कुठला पटतो, आणि पटला तरी टिकतो का? (मी इतिहासकार नाही, वकील तर नाहीच. चूक दिसली तर हक्काने सांगा.)

*

पहिला धक्का हा की माझा तिसरा मुद्दा, म्हणजे 'माणूस खोटं कबूल करतो', निदान अठराशे वर्षं जुना आहे. रोमन कायदेपंडित उल्पियन तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहून गेला की छळ ही नाजूक आणि धोक्याची गोष्ट आहे. काही माणसं इतकी चिवट असतात की त्यांच्या तोंडून काहीच निघत नाही, आणि काही इतकी हळवी असतात की वेदना टाळायला वाटेल ते खोटं बोलतात. हे मत काही अडगळीत पडलेलं नव्हतं. सम्राट जस्टिनियनने ५३३ साली कायद्याचा जो मोठा संग्रह काढला, त्यात ते आहे. पुढे युरोपातल्या विद्यापीठांत कायदा शिकणारा प्रत्येक जण हाच संग्रह वाचायचा. म्हणजे छळाचा हुकूम देणाऱ्या न्यायाधीशांना हा 'बग' माहीत होता. तरी सिस्टिम शेकडो वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालू राहिली!

का? तर कायद्याची गरज होती म्हणून. १२१५ साली पोपच्या परिषदेने धर्मगुरूंना दिव्यात भाग घ्यायला बंदी केली. तापलेलं लोखंड हातात धरायला लावून देवाकडून निकाल मागायचा, ही पद्धत त्यामुळे मोडीत निघाली. आता निकाल माणसांनीच द्यायचा होता, आणि माणूस तर चुकू शकतो. म्हणून इटली, फ्रान्स, जर्मनीकडच्या कायद्याने पुराव्याची अट फार कडक ठेवली. देहान्ताची शिक्षा द्यायची तर दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हवेत, नाहीतर आरोपीची स्वतःची कबुली. रक्ताने माखलेला सुरा हातात सापडला तरी तो पूर्ण पुरावा नव्हे. अट दिसायला किती सभ्य! पण चोरी, खून असले गुन्हे दोन साक्षीदार बसवून कोण करतं? मग उरली कबुली. आणि कबुलीसाठी दोर.

या लोकांनी सेक्रेटरी काकांचा मुद्दाही आधीच ओळखला होता. जर्मन सम्राटाच्या १५३२ च्या फौजदारी संहितेत नियम आहेत. पुरेसा संशय असल्याशिवाय छळ नको. उत्तर सुचवणारे प्रश्न विचारायचे नाहीत. गुन्हेगारालाच ठाऊक असेल असा तपशील त्याच्याकडून काढायचा आणि तो जागेवर जाऊन तपासायचा. कबुली नंतर छळाच्या जागेपासून दूर पुन्हा वदवून घ्यायची. कागदावर सगळं चोख व्हॅलिडेशन. फक्त आरोपीने नंतर कबुली फिरवली तर त्याला परत आत नेता येत असे.

*

हे व्हॅलिडेशन प्रत्यक्षात कसं चालायचं, ते मिलानच्या एका खटल्यात दिसतं.

साल १६३०. मिलान शहर तेव्हा स्पेनच्या अमलाखाली. प्लेग असा पसरलेला की तो ओसरेपर्यंत निम्म्याच्या आसपास शहर मेलं. कुणीतरी भिंतींना विषारी मलम फासून रोग पसरवतंय, अशी अफवा उठलेली. २१ जूनला पहाटे एका बाईने खिडकीतून पाहिलं की एक माणूस भिंतीला लागून चालतोय, हातात कागद आहे, आणि मधूनच तो हात भिंतीला पुसतोय. हा गुल्येल्मो पियात्सा, आरोग्य खात्याचाच कर्मचारी. तो काहीतरी लिहीत होता, बोटांना शाई लागली असावी, आणि पाऊस पडत होता म्हणून भिंतीच्या कडेने चालला होता. एवढंच.

त्याला पकडलं. भिंतींना काही फासल्याचं मी ऐकलंही नाही, असं तो म्हणाला. 'हे पटण्याजोगं नाही' असं ठरवून त्याला दोराला टांगलं. तो बधला नाही. पुन्हा टांगलं, पुन्हा नाही. मग त्याला सांगितलं की सगळं सांगितलंस तर तुला माफी. आता 'सगळं' म्हणजे काय सांगायचं? त्याने एका न्हाव्याचं नाव घेतलं. जान जाकोमो मोरा. हा मोरा प्लेगवर मलम करून विकायचा आणि पियात्साने त्याच्याकडे एक डबी मागितली होती. नाव सुचायला तेवढा धागा पुरला.

मोराच्या घरी शिपाई आले तेव्हा त्याला वाटलं, परवानगीशिवाय औषध करतो म्हणून आले असतील. झडती झाली. घरात एक भांडं सापडलं. तळाशी गाळ बसलेलं धुण्याचं खारं पाणी. तपासायला धोबिणी बोलावल्या, वैद्य बोलावले. हे नेहमीचं पाणी दिसत नाही, असं मत पडलं.

झालं! मुद्देमाल हस्तगत.

मोराला टांगल्यावर तो म्हणाला की मी काय म्हणायला हवंय ते सांगा, तसं म्हणतो. मग त्याने कृतीही सांगितली. मेलेल्यांच्या तोंडातला फेस, ते खारं पाणी, विष्ठा. दुसऱ्या दिवशी कबुली मागे घेतली. छळाची धमकी मिळताच परत दिली. ऑगस्टच्या सुरुवातीला दोघांनाही गाडीवरून शहरभर फिरवलं, तापलेल्या चिमट्यांनी डागलं, उजवा हात तोडला, चाकावर हाडं मोडली आणि काही तास तसंच ठेवून मग ठार मारलं. मोराचं घर पाडून त्या जागी एक खांब उभारला. त्याचं नाव 'बदनामीचा खांब'. तिथे पुन्हा कुणी घर बांधू नये असा हुकूम दगडावर कोरला. तो दगड आजही मिलानच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहे.

काकांची टेस्ट इथे पास झाली होती, हे लक्षात घ्या. माहिती मिळाली, वस्तू मिळाली, तज्ज्ञांचं मत मिळालं. फक्त गुन्हाच घडलेला नव्हता.

*

या एका शहरात, एकाच गोतावळ्यातल्या तीन माणसांनी छळाविरुद्ध तीन वेगळे युक्तिवाद केले. माझ्या दृष्टीने खरी गंमत इथे आहे.

पहिला चेझारे बेक्कारिया. १७६४ साली वयाच्या २६ व्या वर्षी त्याने 'गुन्हे आणि शिक्षा' या विषयावर छोटंसं पुस्तक लिहिलं आणि ते निनावी छापलं. त्याचा युक्तिवाद शुद्ध लॉजिक आहे. गुन्हा एकतर सिद्ध झालाय किंवा नाही. झाला असेल तर कबुलीची गरजच नाही. नसेल तर समोरचा माणूस कायद्याने निर्दोष आहे, आणि निर्दोषाला छळायचा हक्क कुणालाच नाही. पुढे तो टोमणा मारतो की मग हे काम न्यायाधीशाऐवजी गणितज्ञालाच द्या. अमक्याच्या स्नायूंची ताकद इतकी, नसांची हळवेपणाची मात्रा इतकी, तर किती वेदना दिली की तो गुन्हा कबूल करेल, हे तो काढून देईल. तगडा गुन्हेगार सुटणार, अशक्त निर्दोष अडकणार.

वाचताना मी खूश झालो. पण नंतर जाणवलं की यात एक फट आहे. सिद्ध आणि असिद्ध यांच्या मध्ये 'दाट संशय' नावाचा मोठा प्रदेश असतो आणि तपास करणारा माणूस कायम तिथेच राहतो. बेक्कारियाने बूलियन वापरला, काका प्रोबॅबिलिटीत बोलत होते. ज्याला आधीच पटलेलं असतं त्याला हा युक्तिवाद फार आवडतो, हे त्याचं खरं वर्णन.

दुसरा पिएत्रो वेर्री, बेक्कारियाचा मित्र आणि त्याला लिहायला बसवणारा माणूस. त्याने मोराच्या खटल्याची कागदपत्रं काढली आणि १७७७ च्या सुमारास 'छळाविषयी निरीक्षणं' लिहून काढली. त्याचं म्हणणं असं की वाद कशाला, हे बघा काय झालं ते. रद्दी प्रश्न, रद्दी उत्तरं, आणि शेवटी दोन निरपराध माणसांची मोडलेली हाडं. हा 'छळ कामच करत नाही' हा युक्तिवाद, उदाहरणासकट. याच सुमारास, १७७६ साली, व्हिएन्नाहून छळ बंद करण्याविषयी विचारणा आली तेव्हा मिलानच्या सिनेटने विरोध केला. विरोधाचा तो मसुदा लिहिला गाब्रिएले वेर्रीने. पिएत्रोचे वडील! एकाच घरात बाप छळाची बाजू लिहितोय आणि मुलगा विरुद्ध बाजू. मुलाने वडिलांचा आणि सिनेटचा मान राखून पुस्तक छापलं नाही. ते १८०४ साली आलं, तेव्हा तो जाऊन सात वर्षं झाली होती. खांब १७७८ मध्येच पाडला गेला होता.

वेर्रीचा युक्तिवाद सगळ्यात लवकर पटतो. पार्किंगमध्येही हाच चालला होता. पण त्याची अडचण अशी की तो अटीवर उभा आहे. 'काम करत नाही म्हणून नको' असं म्हटलं की समोरचा विचारणारच, 'आणि केलं तर?' कधीकधी चोर खरंच चोर असतो आणि दोन फटक्यांत खरी जागा सांगतो. त्या दिवशी वेर्रीला गप्प बसावं लागतं. 'निर्दोष असली तर?' हा प्रश्न निर्दोष माणसालाच वाचवतो. दोषी माणसाच्या हाडांबद्दल तो काहीच म्हणत नाही.

तिसरा अलेस्सांद्रो मान्झोनी, इटलीचा सर्वात मोठा कादंबरीकार आणि बेक्कारियाच्या मुलीचा मुलगा. (त्याचा खरा बाप पिएत्रो वेर्रीचा धाकटा भाऊ, अशी कुजबुज मिलानमध्ये होतीच. असो.) त्याने आपल्या कादंबरीच्या १८४० नंतरच्या आवृत्तीला 'बदनामीच्या खांबाचा इतिहास' जोडला आणि त्यात वेर्रीला अदबीने खोडून काढलं. वेर्री म्हणतो, दोष छळाच्या प्रथेचा, अज्ञानी काळाचा. मान्झोनी म्हणतो, थांबा. त्या काळच्या कायद्यातही छळावर मर्यादा होत्या आणि या न्यायाधीशांनी त्याच मोडल्या. क्षुल्लक विसंगतीवरून टांगलं, माफीचं आमिष नियमाबाहेर जाऊन दाखवलं, उत्तरं सुचवली. त्यांच्याच पुस्तकांप्रमाणे वागले असते तरी पियात्सा सुटला असता. बाहेर लोक खवळले होते, त्यांना गुन्हेगार हवा होता, आणि हात हलवत कोर्टाबाहेर यायची न्यायाधीशांची हिंमत नव्हती. त्यांना सत्य कळू शकत होतं, पण ते कळून घ्यायचं नव्हतं.

पहिल्या वाचनात वाटलं की मान्झोनी विषय सोडून बोलतोय. आता वाटतं, तिघांत तोच मुद्द्यावर आहे. बाकी दोघं विचारतात, टांगलेला माणूस खरं बोलेल का? मान्झोनी विचारतो, दोर ओढणाऱ्याने, आणि ओढायला सांगणाऱ्याने, काय केलं? या प्रश्नाला 'मुद्देमाल मिळाला' हे उत्तर होत नाही.

*

मग छळ कायद्यातून गेला तो कुणाच्या युक्तिवादामुळे? बहुधा कुणाच्याच नाही! प्रशियाच्या फ्रेडरिकने १७४० साली गादीवर आल्याबरोबर छळावर बंदी घातली (राजद्रोहासारखे अपवाद ठेवून), तेव्हा बेक्कारिया दोन वर्षांचा होता. उलट बेक्कारियाचं पुस्तक गाजत असताना, १७६८ साली, ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेझाने जी संहिता काढली तीत छळाची साधनं कशी वापरायची याची चित्रं आहेत. आठ वर्षांनी, १७७६ मध्ये, तिनेच ऑस्ट्रियात छळ बंद केला. जॉन लँगबाइन या अभ्यासकाने १९७७ च्या पुस्तकात याचं कारण मांडलं आहे. सतराव्या शतकापासून न्यायालयं परिस्थितीजन्य पुराव्यावरसुद्धा शिक्षा द्यायला लागली होती. देहान्त नाही, पण सक्तमजुरी वगैरे. म्हणजे कबुलीवाचून काम अडेनासं झालं. ज्या मॉड्यूलला कुणी कॉल करत नाही ते काढून टाकायला फार धैर्य लागत नाही.

मी यातून घेतलेला धडा असा की लोकांना पटवत बसण्यापेक्षा छळाचा उपयोग संपवणं जास्त कामाचं. आपल्याकडे हे झालेलं आहे, तेही फार पूर्वी. १८५५ साली मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि मग १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये नियम आला की पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही. किती सरळ! पोलिसाला नीतिमत्ता शिकवली नाही, फक्त त्याने मारून मिळवलेल्या कागदाची किंमत शून्य केली. या कायद्याचा कर्ता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने एका अनुभवी अधिकाऱ्याचं म्हणणं नोंदवून ठेवलंय. उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणं सोपं पडतं. म्हणजे मूळ कारण क्रौर्यापेक्षा आळस!

पण त्याच कायद्यात कलम २७ आहे. आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट सापडली, तर तेवढी माहिती चालेल. सेक्रेटरी काकांचा मुद्दा, जसाच्या तसा. पुढचे दरवाजे बंद केले आणि मागची खिडकी उघडी राहिली. २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमातही (तो १ जुलै २०२४ पासून लागू आहे) या दोन्ही गोष्टी कलम २३ मध्ये शेजारीशेजारी बसल्या आहेत. शिवाय महाराष्ट्रात १९९९ चा मोक्का आहेच. त्यात पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते.

आणि मोक्कातल्या कबुलीचं काय होऊ शकतं ते आपण पाहिलं. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांत १८० हून जास्त माणसं गेली. २०१५ साली १२ जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशीची. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचा आरोप कोर्टाला ग्राह्य वाटला, आणि वेगवेगळ्या माणसांच्या कबुलीतला मजकूर एकमेकांशी जुळतो हेही नोंदवलं गेलं. (कॉपी-पेस्ट. आमच्या धंद्यात कोड रिव्ह्यूला हे पहिल्या मिनिटात पकडलं जातं.) काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. शेवटचा शब्द काय असेल तो असेल. पण ज्यांची माणसं त्या डब्यांत गेली, त्यांच्या हातात १९ वर्षांनी काय उरलं? मारून केस पक्की होत नाही, कच्ची होते. हा युक्तिवाद काकांनाही पटला असता असं मला वाटतं. त्या रविवारी तो सुचला नाही.

*

राहिल्या पाटल्या.

तक्रार झाली. संशयित म्हणून मावशींचं नाव दिलं गेलं. त्यांना तीन वेळा चौकीत बोलावलं. पाटल्या मिळाल्या नाहीत, आजपर्यंत नाहीत. त्यांनी घेतल्या की नाही ते मला माहीत नाही आणि आता कधी कळेल असंही वाटत नाही. महिन्याभराने त्या राहिलेले पैसे न्यायला आल्या तेव्हा मी लिफ्टपाशी उभा होतो. उजवा हात पदराखाली होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही विचारलं नाही, "मावशी, तिथे काय झालं?"

विचारायला अर्धा मिनिट लागला असता. पार्किंगमध्ये मी तीन युक्तिवाद केले होते, तिन्ही मुद्देसूद. आणि जिथे नुसतं विचारायचं होतं तिथे मी लिफ्टचं बटण दाबलं, कारण उत्तर आलं असतं तर मग काहीतरी करावं लागलं असतं.

मिलानच्या न्यायाधीशांबद्दल मान्झोनी जे म्हणतो ते वाचताना मला दर वेळी ती लिफ्ट आठवते. कळू शकत होतं. कळून घ्यायचं नव्हतं.

या शनिवारी वॉचमनकडून त्यांचा पत्ता घेतलाय. जाऊन येतो.